ब्रिक्स २१ आला तरी उसात साखर नाही म्हणतात, मग ती गेली कुठं?

शिवार_ते_हिंजवडी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मी पुण्यात आयटीत, गाव सांगली जिल्ह्यात, घरची सव्वादोन एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस. ऊस जुलैच्या लागणीचा, यंदा नोव्हेंबरात तुरा (उसाचा फुलोरा) आला आणि तोड मिळाली फेब्रुवारी संपता संपता. त्यात तोडल्यावर ट्रॅक्टरचं काम निघालं म्हणून तीन दिवस ऊस फडातच पडून. बाबांचा अंदाज साठ टन एकरी होता, आलं सत्तेचाळीस. वजनाचं समजू शकतो, वाळला असेल. पण कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस बघून म्हणाला की "ह्यात आता साखर राहिली नाही", ते मला पटेना, कारण मी ऑनलाईन मागवलेला तो दुर्बिणीसारखा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन गेलो होतो आणि मधल्या पेराचा रस टाकून बघितला तर ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचा म्हणतात तो आकडा, २१! डिसेंबरात त्याच फडात २० होता. म्हणजे उलट वाढलाय.

बाबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "उसानंच खाल्ली साखर." मी हसलो. पण मग रात्री विचार करत बसलो की अरे, झाड साखर बनवतं ते कुणासाठी? आपल्यासाठी तर नक्कीच नाही. मग ते स्वतः ती खातं का, खातं तर कधी, आणि खाल्ली असेल तर माझा ब्रिक्स कमी का नाही झाला? आणि एक उपप्रश्न, शाळेत शिकवायचे की ऊस आणि मका इतर पिकांपेक्षा ऊन जास्त चांगलं पकडतात, ते खरं आहे का आणि कसं? दहावीनंतर बायो सोडलंय, त्या हिशोबानं सांगा.

निवांत_नाना
पोरा तुझे वडील बरोबर हायत. तुरा आला की उसाचा शेंडा संपला, नवीन पान येत न्हाई, नवीन पेर धरत न्हाई. मग महिना दीड महिना ऊस बरा असतोय, गोडीला तर चांगलाच असतोय, पण त्याच्यापुढं ठेवला की बाजूचे डोळे फुटायला लागतात, आमी पांगशा म्हणतो त्याला. त्या पांगशा कुणाच्या जिवावर वाढत्यात? त्याच कांडीतल्या साखरेवर. मधनं दशी पडते, कांडं मोडून बघ, मध्ये पांढरं भुसकट कापसागत, रस न्हाईच. तुमचा तीन महिने उभा होता तुऱ्यावर, मग काय राहणार त्यात.

आमच्याकडं पूर्वी गुऱ्हाळ होतं. गुळव्या काहिलीत रस पडायच्या आधी उसाकडं बघूनच सांगायचा की ह्याची ढेप बसायची न्हाई. आणि खरंच बसायची न्हाई, शिळ्या उसाचा गूळ चिकट, ओलसर, पावसाळ्यात पाझरायचा. गोड असायचा हं, गोडीला काय कमी न्हाई. तेव्हा मला बी तुझ्यासारखाच प्रश्न पडायचा की गोड हाय मग बिघडलं कुठं.

रस_आणि_मळी
नानांनी गुळाचं जे सांगितलं ना तिथेच उत्तर आहे. मी साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये २२ वर्षं काढली आहेत, हा वाद दर सीझनला एकदा तरी ऐकतो.

तुमचा रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही. तो रसातून प्रकाश किती वाकतो ते मोजतो, आणि रसात जे जे विरघळलेलं आहे ते सगळं मिळून आकडा दाखवतो: साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, सगळं. त्याला ब्रिक्स म्हणतात. आम्हाला हवी असते ती सुक्रोज, म्हणजे दाणेदार साखर होते ती. ती मोजायला पोलरीमीटर लागतो, त्यात एका विशिष्ट प्रकारचा प्रकाश रसातून सोडायचा, सुक्रोज त्याचं प्रतल उजवीकडे फिरवते, किती फिरवलं त्यावरून "पोल" काढायचा. पोल भागिले ब्रिक्स म्हणजे शुद्धता. समजा ब्रिक्स २१ आणि पोल साडेअठरा, शुद्धता ८८, ऊस झकास. ब्रिक्स २१ च पण पोल साडेपंधरा, शुद्धता ७४ वर आली, आणि तुमच्या दुर्बिणीत दोन्ही ऊस सारखेच दिसणार.

आता मधे काय घडतं ते बघा. सुक्रोज म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. उसातच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते पाण्याचा एक रेणू घालून ही जोडी फोडतं. वजनाचा हिशोब केला तर ३४२ भाग सुक्रोज अधिक १८ भाग पाणी, झाले ३६० भाग ग्लुकोज-फ्रुक्टोज. म्हणजे विरघळलेला माल किंचित वाढलाच! वर तीन दिवस ऊन खाऊन ऊस वाळला, पाणी उडालं, रस घट्ट झाला, ब्रिक्स आणखी चढला. तुमचा २० चा २१ झाला तो असा. इकडे फ्रुक्टोज प्रकाश डावीकडे फिरवतं आणि ते ग्लुकोजपेक्षा जोरदार फिरवतं, त्यामुळे पोल धाडकन पडतो. उजवीकडचं डावीकडे उलटतं म्हणूनच त्या क्रियेला इन्व्हर्जन नाव पडलंय.

ग्लुकोज फ्रुक्टोज वाया जातं का? तुमच्या जिभेसाठी नाही, पण आमच्या पॅनमध्ये (रस आटवून दाणा पाडायचं भांडं) त्याचा दाणा पडत नाही, आणि वर ते शेजारच्या सुक्रोजचाही दाणा पडू देत नाही, सगळं मळीत, म्हणजे उरलेल्या काळ्या पाकात जातं. नानांची ढेप बसत नव्हती ती ह्याचमुळे. शिवाय तोडलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात, ते साखर खाऊन डेक्स्ट्रॅन नावाचा बुळबुळीत पदार्थ बनवतात, रस शेंबडासारखा होतो (माफ करा पण तोच शब्द आहे), गाळला जात नाही. म्हणून आम्ही तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडावा म्हणून ओरडत असतो. जळीत उसाचं तर विचारूच नका.

आणि एक कडू गोष्ट. एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचाच लागतो तो किमान दर, ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर (शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली), सध्या पायाभूत उतारा १०.२५ टक्के धरतात. तुमच्या फडाची वेगळी साखर कुणी मोजत नाही, तुम्हाला पैसे वजनावर. तुमची गेलेली साखर सगळ्या सभासदांत वाटली गेली, आणि शेजाऱ्याची गेलेली तुमच्यात. त्यामुळे कुणाला फार दुखत नाही आणि सुधारणाही होत नाही, हे आपलं माझं मत.

फक्त_वाचायला_आलोय
म्हणजे रसवंतीवाल्याला काहीच फरक पडत नाही तर 😄

रस_आणि_मळी
एक दिवसाच्या शिळ्या उसाला फारसा नाही, उलट फुटलेली साखर जिभेला थोडी जास्तच गोड लागते कारण फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा गोड. तीन दिवसांच्या उसाचा रस पिऊन बघा मग सांगा, आंबूस वास येतो तो लिंबू पिळून झाकतात.

शिवार_ते_हिंजवडी
बापरे, ब्रिक्सचं हे माहीतच नव्हतं, अडीच हजाराचं यंत्र घेऊन मी गावभर तज्ज्ञ म्हणून फिरत होतो 🙈 धन्यवाद साहेब. तोडल्यानंतरचं कळलं. पण उभ्या उसाचं? तो जिवंत असताना स्वतःचीच साखर का फोडतो, हे अजून बाकी आहे. आणि ऊस-मका ऊन जास्त पकडतात त्याचं पण, सी-फोर म्हणतात ना ते.

हिरवं_पान
मी बॉटनी शिकवते, ज्युनियर कॉलेजला. हा प्रश्न मुलांनी विचारावा म्हणून मी दरवर्षी वाट बघते आणि कुणी विचारत नाही, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की साखर हा उसाचा "माल" आहे. तो उसाचा पगार आहे. पान दिवसभर उन्हात साखर बनवतं आणि ती पानाच्या देठाकडून खाली खोडात पाठवतं, पाठवताना सुक्रोजच्या रूपात, कारण ग्लुकोज फार चिकटणारा प्राणी आहे, वाटेत कशाशीही प्रक्रिया करतो, सुक्रोज त्या मानानं सभ्य. आता खाली आलेल्या या पगारातून तीन खर्च. पहिला, नवीन अंग वाढवायचं: पान, पेर, मूळ. त्यातला मोठा वाटा पेशींच्या भिंती बांधण्यात जातो, तेच पुढे तुमचं चिपाड. दुसरा, घरखर्च: जिवंत पेशीला रात्रंदिवस श्वसन करावं लागतं, साखर ऑक्सिजनबरोबर हळूहळू जाळायची आणि त्यातून एटीपी बनवायचा. एटीपी म्हणजे सुट्टे पैसे समजा, पेशीतलं कुठलंही काम त्याशिवाय होत नाही आणि ते साठवता येत नाहीत, बनवले की लगेच खर्च. तुमच्या-माझ्या शरीरातही दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतका एटीपी बनतो आणि मोडतो, हातात मात्र कुठल्याही क्षणी थोडेच ग्रॅम. तिसरा खर्च नाहीच, उरलं ते शिल्लक. कारखान्यात जातं ते हे उरलेलं.

म्हणून उसात साखर "कधी भरते" याचं उत्तर असं की कमाई चालू आहे पण वाढ मंदावली आहे तेव्हा. पावसाळ्यात पाणी भरपूर, उकाडा, युरिया, ऊस आठवड्याला नवीन पान काढतोय, सगळा पगार वाढीत. नोव्हेंबरनंतर रात्री गार व्हायला लागल्या की वाढ लगेच मंदावते, पण दिवसा स्वच्छ ऊन असतं म्हणून पानाची कमाई तितकीशी घटत नाही. शिवाय श्वसनाचा खर्च तापमानावर असतो, साधारण १० अंशांनी तापमान उतरलं की निम्म्यावर येतो, म्हणजे थंड रात्री घरखर्चही कमी. कोल्हापूर-सांगलीचा उतारा राज्यात वरचढ असतो त्यात जमिनीचा, पाण्याचा वाटा आहेच पण हिवाळ्यातल्या त्या रात्रींचाही आहे. तोडीआधी पाणी तोडतात ते ह्यासाठीच, आणि उशिरा युरिया टाकला की ऊस हिरवागार दिसतो पण उतारा पडतो तेही ह्याचसाठी, तुम्ही त्याला पुन्हा वाढायला लावलंत.

उसाची शिल्लक पेराच्या पेशींत, प्रत्येक पेशीच्या आत पाण्याची जी मोठी पिशवी असते तिच्यात ठेवलेली असते. आणि ती बुडाकडून भरत येते. सर्वात खालची पेरं आधी पिकतात, शेंड्याकडची कोवळी पेरं अजून वाढत असतात, त्यांच्यात तेच इन्व्हर्टेज जोरात असतं, आलेली सुक्रोज लगेच फोडून वापरायची. म्हणून वाढं कापून जनावराला घालतात आणि म्हणून बुडखा जमिनीलगत तोडा म्हणतात, तिथे सर्वात जास्त साखर. बेण्याला मात्र उलट, शेंड्याकडची कोवळी कांडी चांगली उगवते कारण तिथली साखर सुट्टी झालेली असते, डोळ्याला लगेच वापरता येते.

आता तुमचा तुरा. नानांनी नेमकं सांगितलंय, मी फक्त हिशोबाच्या भाषेत मांडते. तुरा म्हणजे शेंड्याचा वाढता डोळा फुलात संपला. सुरुवातीला वाढीचा खर्च बंद, पानं अजून हिरवी, म्हणून शिल्लक छान, कधीकधी आणखी वाढते. हीच तोडायची वेळ. पण नवीन पान येणं बंद झालंय, जुनी एकेक वाळतायत, म्हणजे पगार घटत चाललाय. शेंड्याचा दाब गेल्यामुळे बाजूचे डोळे मोकळे होतात, पांगशा फुटतात, त्यांना माल हवा. फेब्रुवारीत रात्रीही ऊबदार व्हायला लागतात, घरखर्च वाढला. मग ठेव मोडायची वेळ येते, आणि सुक्रोज आहे तशी जाळता येत नाही, आधी फोडावी लागते. तुमच्या मधल्या पेरात जो २१ ब्रिक्स दिसला त्यातला बराच भाग हा मोडायला काढलेल्या ठेवीचा आहे. तुमच्या बाबांचं वाक्य मी उद्या वर्गात वापरणार आहे, शब्दशः.

सी-फोर वेगळ्या प्रतिसादात लिहिते, चहा ठेवलाय.

निवांत_नाना
म्याडम लई बेस. आमच्या वेळी असं कुणी सांगितलं असतं तर शाळा सोडली नसती.

युनिट_मोजणारा
मॅडम चहा पितायत तोवर मी आकडेमोड टाकतो, सोलारमध्ये काम करतो त्यामुळे हाताला खाज सुटली. आपल्याकडे एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ५ युनिट ऊन पडतं. एकर म्हणजे ४०४७ चौमी, म्हणजे दिवसाला २० हजार युनिट, वर्षाला ७३ लाख. आता १२ महिन्यांचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) धरा, एकरी ५० टन, चांगलाच म्हणायचा. उसात ७० टक्के पाणी, कोरडा माल १५ टन, वाढं-पाचट मिळून आणखी ७ टन धरा, झाले २२. कोरड्या वनस्पतीच्या किलोत साधारण पावणेपाच युनिट ऊर्जा असते. म्हणजे एक लाखाच्या आसपास युनिट. ७३ लाखातले १ लाख, दीड टक्का सुद्धा नाही! आणि त्यातली हातात पडणारी साखर ११ टक्के उताऱ्यानं साडेपाच टन, म्हणजे २५ हजार युनिट, हजारात साडेतीन.

छतावरचं पॅनल २० टक्के देतं. मग शेतात पॅनलच का लावू नयेत हा प्रश्न मी सासऱ्यांना विचारला होता, त्यांनी त्या दिवशी मला वाढलं नाही.

एक बाजू मात्र बघा, साडेपाच टन साखरेत २ कोटी २० लाख किलोकॅलरी, दिवसाला २००० धरल्या तर ३० माणसांची वर्षाची कॅलरी एका एकरात. नुसती साखर खाऊन कुणी जगू नये पण आकडा म्हणून बघा.

शिवार_ते_हिंजवडी
दीड टक्का?? आणि मी ऐकलं होतं की ऊस ऊन पकडण्यात चॅम्पियन आहे!

हिरवं_पान
चॅम्पियनच आहे. भात-गव्हाचं वर्षभराचं गणित घाला, दीडच्याही खाली जातं. निम्मं ऊन तर असं असतं की पानाला ते वापरताच येत नाही, हरितद्रव्य फक्त डोळ्याला दिसतो तेवढाच प्रकाश घेतं. उरलेल्यातलं काही परावर्तित, बरंच उष्णतेत, लागणीनंतरचे दोन-तीन महिने तर पानं जमीन झाकतच नाहीत, ऊन मातीवर. आणि शेवटी श्वसन. सगळं अगदी आदर्श धरून शास्त्रज्ञांनी कमाल मर्यादा काढली आहे ती गव्हासारख्या पिकाला साधारण ४.६ टक्के आणि उसासारख्याला ६. हा जो ४.६ आणि ६ मधला फरक आहे तोच सी-फोर.

झालंय असं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं जे एन्झाइम आहे, रुबिस्को, ते जगातलं सर्वात महत्त्वाचं आणि तितकंच वेंधळं. संथ तर आहेच, सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू पकडतं, आणि वर त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यातला फरक नीट कळत नाही. ऑक्सिजन पकडला की जो निरुपयोगी पदार्थ बनतो तो निस्तरायला ऊर्जा खर्च होते आणि आधी कमावलेला कार्बन परत हवेत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. ऊन तापलं की हा घोळ वाढतो, भाताच्या पानात गरमीत पाव-एक कमाई अशी जाते. रुबिस्को तयार झालं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, त्यामुळे तेव्हा कुणाचं बिघडलं नाही, अशी त्याची बाजू.

उसानं काय केलं की रुबिस्कोला आतल्या खोलीत बंद केलं. पानाच्या शिरेभोवती जाड पेशींचं कडं असतं, रुबिस्को तिथे. बाहेरच्या पेशींत वेगळं एन्झाइम, त्याला ऑक्सिजन दिसतच नाही, ते फक्त कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि चार कार्बनचं एक आम्ल बनवतं. ते आम्ल आतल्या खोलीत जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड सोडतं, रिकामं होऊन परत येतं. माणसं भरून आणणारी वडाप जीप समजा. आतल्या खोलीत कार्बन डायऑक्साइडची एवढी गर्दी होते की रुबिस्कोला चुकायला वावच राहत नाही. ह्या जीपचं डिझेल लागतंच, प्रत्येक कार्बनमागे दोन एटीपी जादा, पण आपल्यासारख्या उन्हात ते परवडतं. थंड प्रदेशात परवडत नाही म्हणून तिकडे गहूच बरा.

आणि सांगायला आवडेल की हे सापडलं उसातच. प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग शोधल्याबद्दल केल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं, ते काम शेवाळावरचं, त्यात पहिला पदार्थ तीन कार्बनचा. सगळ्यांना वाटलं विषय संपला. पण हवाईत ऊस मळेवाल्यांच्या संशोधन केंद्रात कोर्टशॅक, हार्ट आणि बर उसाच्या पानाला किरणोत्सारी कार्बन देऊन बघत होते तर खूण सापडायची भलतीकडेच, चार कार्बनच्या आम्लांत. १९६५ साली त्यांनी ते छापलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्याच पानांवर प्रयोग करून हा वेगळा मार्ग मांडला, आणि तेही एका साखर कंपनीच्या लॅबमध्ये. साखरवाल्यांनी पैसे टाकले नसते तर किती वर्षं लागली असती कोण जाणे.

आपल्या शिवारात सी-फोर भरपूर आहेत. ज्वारी, बाजरी, मका. आणि हो, हराळी आणि लव्हाळा सुद्धा! भर उन्हात तुमचं पीक मान टाकतं आणि हराळी हसत असते त्यामागे हेही एक कारण.

निवांत_नाना
हराळीचं पटलं. तिला मारायला आमची हयात गेली.

पण म्याडम ज्वारी बी त्याच जातीची म्हणताय तर ती दाण्यात का भरते आणि ऊस कांडीत का? ज्वारीचं ताट बी गोड असतंय थोडं.

हिरवं_पान
नाना, फार मोलाचा प्रश्न. ज्वारी वर्षायू आहे, तिला एकाच हंगामात दाणा करून मरायचंय, म्हणून शिल्लक सगळी दाण्यात, आणि तीही स्टार्च करून, म्हणजे साखरेचे रेणू एकमेकांना जोडून घट्ट गठ्ठा. स्टार्च पाण्यात विरघळत नाही, वर्षभर कणगीत राहतं. हुरडा गोड का लागतो? कारण साखर दाण्यात पोचलेली असते पण तिचा स्टार्च व्हायचा बाकी असतो. आठ दिवस उशीर करा, पिठूळ. ऊस बहुवर्षायू गवत, तो बी करण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही, त्याचा वंश बुडख्यातून आणि कांडीच्या डोळ्यांतून चालतो, म्हणून शिदोरी डोळ्याच्या शेजारी, विरघळलेल्या रूपात, लगेच काढता येईल अशी.

अर्थात एवढी साखर रानटी उसात नसते. आज आपण लावतो ते सगळे संकर आहेत, जाड गोड उसाचा आणि रानटी काटक गवताचा. कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत, ती १९१२ ची, बार्बर आणि वेंकटरामन यांनी हे सुरू केलं, को २०५ हा वाण त्यातलाच पहिला. आपला को ८६०३२ त्याच घराण्यातला, नावातलं "को" म्हणजे कोईमतूर.

शिवार_ते_हिंजवडी
डोकं गरगरलं पण मजा आली. शेवटचा प्रश्न, खोडव्याचा. तोडून नेल्यावर वर एक पान नाही, पगार शून्य, कांडी सगळी कारखान्यात. मग नवे फुटवे कशाच्या जोरावर येतात?

हिरवं_पान
जमिनीखाली राहिलेल्या बुडख्यात थोडी साखर असते, जुन्या मुळ्या काही दिवस पाणी पुरवतात, तेवढ्यावर पहिली दोन-तीन पानं निघतात. पान उघडलं की पगार सुरू. तो मधला काळ उधारीचा.

निवांत_नाना
म्हणून बुडखं उंच ठेवू नका, जमिनीलगत छाटा. वर ठेवलं की वरचाच डोळा फुटतोय, वाऱ्यानं मोडतोय, खालचा जोरदार डोळा तसाच राहतोय. आणि पाचट जाळू नका, सरीत दाबा. ह्या इंजिनिअरच्या हिशोबात सात टन धरलंय त्यात ते पाचट बी हाय ना.

युनिट_मोजणारा
आहे नाना, निम्म्याहून जास्त पाचटच धरलंय. जाळलं तर ती सगळी ऊर्जा एका संध्याकाळी जाते.

रस_आणि_मळी
आणि चिपाडाचं कुणी बोललंच नाही अजून! सीझनभर कारखाना त्याच्यावरच चालतो, बॉयलर, टर्बाइन सगळं, वर वीज विकतो. टनाला २८-३० टक्के बगॅस, म्हणजे चिपाडच, निम्मं पाणी असूनही जळतं. वेगळा धागा काढा, येतो.

शिवार_ते_हिंजवडी
काढतो साहेब, पण आज नाही. आत्ता बाबांचा फोन आला, वरच्या फडाला टोळी आली, ह्याला तुरा कमी आहे. ट्रॅक्टर आधीच दारात उभा करून ठेवलाय ह्या वेळी. बाबांना तुमचं सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले "हेच तर म्हणत होतो", आणि विचारलं की ती दुर्बीण विकली का.